आडवी रेघ

८ जानेवारी १९९१

प्रिय खटपट्या,

एवढ्या मोठ्या माणसाला, तेही बायकोदेखत, या नावानं हाक मारू नये हे मला कळतं. पण घरातला चालता रेडिओ उघडायचा आणि परत जोडायचा नाही, अशा मुलाला दुसरं काय म्हणायचं? तुझ्या बाबांनी त्या रेडिओचे सुटे भाग अजून एका डब्यात जपून ठेवले आहेत. मुलगा इंजिनियर झाला याचा पुरावा म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

आज मात्र कामाचं लिहायला बसले आहे. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात आम्ही नऊ जण. रस्त्याखालून जाणारे पाण्याचे नळ आम्ही कागदावर काढतो. जमीन सुरीनं उभी कापली आणि बाजूनं पाहिली, तर रस्ता कुठे, खडक कुठे, नळ किती खोल आणि कुठल्या बाजूला उतरता, हे आमच्या नकाशावर दिसतं. आजवर हे सगळं ड्रॉइंग बोर्डावर झालं. आता नवे साहेब आले आहेत. बोर्ड जाणार आणि संगणक येणार, असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. त्याला माझी ना नाही. माझी तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीबद्दल.

साहेबांना चार मोठी यंत्रं घ्यायची आहेत. त्यांना वर्कस्टेशन म्हणतात आणि त्या प्रत्येकाला स्वतःचं डोकं असतं. चार यंत्रं म्हणजे चार माणसं. उरलेल्या पाचांचं काय, असं विचारलं की साहेब खिडकीबाहेर बघतात. मी खनपटीलाच बसले तेव्हा म्हणाले, "त्याच पैशात नऊ टेबलं चालू करून दाखवा, नऊही माणसं ठेवतो." माणूस शब्दाला पक्का आहे, एवढं मी पाहिलं आहे. मार्चमध्ये खरेदीची बैठक आहे.

तुला आठवत असेल, आमच्याकडे एक उंच, काटकुळे गृहस्थ आहेत. आम्ही त्यांना फूटपट्टी म्हणतो आणि ते ओ देतात. परवा त्यांनी आपली कंपासपेटी पुसूनपासून घरी नेली. विचारलं तर म्हणाले, सहज. त्या 'सहज'मुळेच मी हे पत्र लिहायला घेतलं.

तुम्ही लोक तिकडे पडदेच बनवता ना? मग सांग, गरिबाला परवडेल असं काही आहे का? आणि मला समजेल असं लिही. मी पेन्सिलवाली बाई आहे.

तुझी,
आत्या


१५ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार लांबूनच मान्य कर. सध्या वाकलो की पाठ धरते. तुझं पत्र बायकोनं मोठ्यांदा वाचलं, त्यामुळे रेडिओची गोष्ट आता या घरातही पोचली आहे. आभारी आहे.

तुला जे हवं आहे ते आहे, आणि ते मीच बनवतो. आम्ही त्याला टर्मिनल म्हणतो. टेबलावर एक पडदा, एक कळफलक, एक माऊस आणि पडद्याखाली वहीएवढी पेटी, एवढाच पसारा. त्याला स्वतःचं मोठं डोकं नाही. डोकं असलेलं एकच दणकट यंत्र शेजारच्या खोलीत ठेवायचं आणि तिथून भिंतीकडेनं एक तार सगळ्या टेबलांवर फिरवायची. तुम्ही इथे माऊस हलवलात की विचार तिथे होतो आणि चित्र इथे उमटतं. एका डोक्यावर नऊ टेबलं आरामात चालतील. डोकी नऊ घ्यायची नाहीत, म्हणूनच हे स्वस्त पडतं.

आता निवड कशी करायची ते सांगतो. पडदा मोठा हवा, नाहीतर नकाशा कीहोलमधून बघितल्यासारखा दिसतो. त्यावरचे ठिपके दाट हवेत, म्हणजे तिरकी रेघ जिन्यासारखी दिसत नाही. पेटीत स्मृती, म्हणजे मेमरी, पुरेशी हवी, नाहीतर पडद्यावर दोन चौकटी उघडल्या की बिचारी धापा टाकते. या तिन्ही गोष्टी आमच्या नव्या रंगीत टर्मिनलमध्ये आहेत, आणि बाजारातल्या कुठल्याही रंगीतपेक्षा ते स्वस्त आहे. त्याच्या पडद्याची सगळी जुळणी माझी आहे. दोन वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही, हे बायकोला विचार, ती जरा जास्तच सविस्तर सांगेल.

मी विकणारा आणि तू घेणारी, म्हणून माझं बोलणं चिमटीभर कमी धर. पण आत्या, खरंच सांगतो, सुंदर झालंय. आम्ही त्यावर नमुन्याची चित्रं म्हणून एक उंच इमारत आणि फुलांची परडी दाखवतो. लोक परडीपाशी हात नेतात.

तुझ्या फूटपट्टींना सांग, पेटी परत आणा.

तुझा,
खटपट्या (सही करायची वेळ आणलीस)


२३ जानेवारी

प्रिय खटपट्या,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. विचार आतल्या खोलीत आणि हात बाहेर, हे ऐकून आमची नवी आई, म्हणजे नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली ऑफिसातली मुलगी, म्हणाली, मग यात नवीन काय, हे ऑफिस पहिल्यापासून असंच चालतं. साहेब दारात उभे होते. सुदैवानं तेही हसले.

तू पत्रासोबत पाठवलेलं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. शेवटच्या पानावर तळाला, अगदी बारीक अक्षरात, एक साधा पडदा दिला आहे. पांढऱ्यावर काळं, रंग नाही. आकारानं तुझ्या रंगीत पडद्यापेक्षा मोठाच दिसतो. त्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. मला तोच बरा वाटतो रे. आमचा कागद पांढरा आणि रेघ काळी. आम्हाला रंगांचं काय करायचंय? स्वस्तही असणार.

साहेब मात्र कुठल्याशा प्रदर्शनात रंगीत पडदे बघून आले आहेत. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यातसुद्धा रंग भरलाय. तरी साध्याचं बघ आणि कळव.

बायकोला म्हणावं, पाठीला शेक दे.

तुझी,
आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मला वाटलंच होतं.

घरात एक छत्री मोडकी असायची, ती तुझी. गाडीत सगळे ऐसपैस बसायचे आणि तू मागे, सामानाशेजारी, मांडीवर पिशवी घेऊन. पाहुणे आले की डगमगणारी खुर्ची तू मुद्दाम ओढून घ्यायचीस आणि वर म्हणायचीस, मला हीच बरी वाटते. 'बरी वाटते' हे शब्द तुझ्या तोंडून आले की आम्ही ओळखायचो, बाई आपल्या वाटणीचं दुसऱ्याला देऊन मोकळी झाली. आता तुला माहितीपत्रकाच्या तळाचा पडदा बरा वाटतोय.

तो साधा पडदा आम्ही बंद केला आहे. एकही शिल्लक नाही. पत्रक जुनं आहे म्हणून त्यात राहिला. त्यामुळे तो विषय संपला.

इकडे मी आमच्या मालकांशी बोललो. नऊ रंगीत टर्मिनलं एकदम घेतलीत तर ते किंमत इतकी खाली आणतील की साहेबांच्या चार वर्कस्टेशनांच्या पैशात तुमचं सगळं बसेल, आतल्या खोलीतलं डोकं धरून. एक टर्मिनल चाचणीसाठी आजच ट्रकनं रवाना केलं आहे. खोक्यात माझ्या हातानं लिहिलेली चिठ्ठी आहे, कुठली तार कुठे जोडायची त्याची. डोकं म्हणून तेवढ्यापुरतं चालेल असं एक छोटं यंत्रही सोबत आहे. महिनाभर वापरा.

आयुष्यात एकदा चांगली वस्तू घे, आत्या. माझ्या हातची आहे म्हणून तरी घे.

तुझा,
ख.


२० फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

तुझं टर्मिनल आलं. खोकं उघडताना सगळं ऑफिस गोळा झालं होतं. तुझ्या चिठ्ठीप्रमाणे तारा मी स्वतः जोडल्या, कुणाला हात लावू दिला नाही. पडदा उजळला आणि फुलांची परडी आली तेव्हा मी एकटीच परडीकडे बघत नव्हते. पेटीच्या मागच्या बाजूला जोडणी करणाऱ्याची आद्याक्षरं असतात ना, ती बघत होते. तुझी आहेत. मला फार अभिमान वाटला. हे मी तुला तोंडावर कधी बोलले नसते, पत्रात लिहिते.

साहेब खूश आहेत. दिवसातून चारदा येऊन परडी बघून जातात. यंत्र सगळ्यांना आवडलं.

इकडे हवा छान आहे. सकाळी धुकं पडतं आणि दहाला उठतं. शेजारच्यांच्या मांजरीनं आमच्या जिन्यात पिल्लं घातली आहेत, त्यामुळे मी पाय उचलून उचलून जाते. तुझ्या बाबांचा गुडघा बरा आहे. फूटपट्टींनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला, तो होता तेवढाच निघाला. खिडकीला नवे पडदे शिवायला टाकले आहेत, निळ्या रंगाचे. नव्या आईचं बाळ पालथं पडायला लागलं.

बाकी सगळं ठीक.

तुझी,
आत्या


१ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी हवेत आहे. आद्याक्षरांचं तू लिहिलंस ते वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला लागलो तेव्हा तिनं पत्र काढून घेतलं आणि स्वतः वाचलं. मग म्हणाली, "यंत्र कसं चालतं त्यावर एक ओळ आणि मांजरीबद्दल दोन. तुझी आत्या काहीतरी गिळून बसली आहे."

मी म्हटलं, तू माझ्या आत्याला ओळखत नाहीस. ती म्हणाली, बायका बायकांना ओळखतात. आता हिच्याशी कोण वाद घालणार?

मालकांनी किंमतपत्र तयार ठेवलं आहे. तुमची ऑर्डर आली तर नव्या टर्मिनलची ती पहिली मोठी ऑर्डर असेल. बैठक वीस तारखेला आहे ना? साहेबांना काही विचारायचं असेल तर सांग, मी लगेच लिहून पाठवतो.

आणि आत्या, ते एक सांगून टाक. काही गिळलं आहेस का?

तुझा,
ख.


८ मार्च

प्रिय खटपट्या,

तुझी बायको शहाणी आहे. तिला माझा आशीर्वाद सांग आणि तू खुर्चीत नीट बसून हे वाच.

तुझ्या पडद्यावर आमची रेघ थरथरते.

पहिला दिवस परडी बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी फूटपट्टींनी आमचा खरा नकाशा त्यावर घेतला. उभ्या रेघा जागच्या जागी उभ्या. पण आडवी रेघ, आमची नेहमीची, केसासारखी बारीक, ती सारखी कापत राहते, थंडी वाजल्यासारखी. आणि आमच्या नकाशात आहेच काय? रस्ता आडवा, खडक आडवा, नळ आडवा. पहिल्या दिवसापासून आम्हाला शिकवलेलं असतं की आधी सगळ्या आडव्या रेघा वरून खाली काढून घ्यायच्या आणि मग उभ्यांकडे वळायचं. म्हणजे सकाळचा सगळा वेळ माणसं त्या कापणाऱ्या रेघांकडे बघत बसतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डोळ्यांतून पाणी. नव्या आईचं डोकं इतकं दुखायला लागलं की तिला घरी पाठवावं लागलं. फूटपट्टींना वाटलं आपलीच नजर गेली, म्हणून ते चष्मेवाल्याकडे धावले.

मी तुला लिहायला हवं होतं. पेन उचललं की पेटीमागची ती आद्याक्षरं आठवायची. दोन वर्षं तू दुसरं काही केलं नाहीस म्हणालास. मग मी मांजरीबद्दल लिहिलं.

पण आता गप्प बसता येत नाही. माणसं नकाशा अर्ध्यावर टाकून बोर्डाकडे परत जातात, हे साहेबांनी पाहिलं. रेघ त्यांना दिसत नाही, ते परडीच बघतात. त्यांना वाटलं, या जुन्या माणसांना हे जमत नाही. काल त्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "नऊ टर्मिनलं घेऊन उपयोग काय? ज्यांना जमेल अशा चौघांनाच ठेवू." पाच जण कोण, ते सगळ्यांचे नकाशे तपासणारी म्हणून मी बैठकीत सांगायचं आहे. माझं स्वतःचं नाव मी लगेच देऊन टाकलं. तू संतापशील हे माहीत आहे. पण उरलेल्या चौघांची नावं माझ्या तोंडून निघत नाहीत रे. त्या खोलीत मी कुणाकडे बघून सांगू?

तुझं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते आमच्या कामाचं नाही, एवढंच. आणि वाईट असतं तरी तू माझाच असतास. हे तुला वेगळं लिहावं लागू नये, पण लिहिते.

तुझी,
आत्या


१३ मार्च

प्रिय आत्या,

पत्र आलं त्या दिवशी मी कारखान्यात गेलो, परडी पुसली आणि पडद्यावर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक बारीक आडवी रेघ काढली. पाच मिनिटांत बाजूला बघावं लागलं. दोन वर्षांत मी ही एक रेघ काढून बघितली नव्हती. इमारत उभी, म्हणून ती शांत. परडी रंगांनी भरलेली, म्हणून तीही शांत. मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

दोष कुठे आहे तो सांगतो. किंमत खाली आणायची म्हणून हा पडदा चित्र एका दमात रंगवत नाही. पहिल्या फेरीत एक आड एक ओळी रंगवतो आणि दुसऱ्या फेरीत राहिलेल्या. जाड रेघ दोन्ही फेऱ्यांत सापडते. तुमची केसाएवढी आडवी रेघ एका फेरीत असते, दुसरीत नसते. म्हणून ती कापते. फूटपट्टींना सांग, नजर उत्तम आहे. माझ्यापेक्षा उत्तम.

आता माझं गिळलेलं. तो साधा पडदा संपलेला नाही. गोदामात ते पुरेसे पडून आहेत. बंद झाला हे खरं, आणि तो बंद करा म्हणून मालकांच्या मागे लागणारा मीच होतो. माझ्या रंगीतच्या शेजारी तो फारच गरीब दिसायचा. तो चित्र एका दमात रंगवतो. रंग नाहीत, म्हणून त्याला तसं करणं परवडतं. तू तो मागितलास तेव्हा मला वाटलं, तू पुन्हा मोडकी छत्री उचलते आहेस. म्हणून तुला खोटं सांगितलं. तू या वेळी तुझ्या कामाला सगळ्यात चांगली वस्तू मागत होतीस, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं तुला बघून मी तुला एकाच साच्यात बसवून टाकलं होतं.

मालकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी गोदामाची वही उघडून बघितली. मग म्हणाले, गोदाम रिकामं होतंय यात मला दुःख नाही, पण रंगीत आता तुझ्याकडून दुरुस्त होईपर्यंत बाहेर जाणार नाही. बरोबर आहे त्यांचं.

साधा पडदा आज ट्रकवर चढवला. ड्रायव्हरला तुझा पत्ता तोंडपाठ करायला लावलाय. बैठकीआधी पोचेल. किंमत रंगीतपेक्षा बरीच कमी आहे, म्हणजे उरलेल्या पैशात पेट्यांमध्ये जास्त स्मृती घालता येईल.

आणि ते पहिलं नाव मागे घे. आधी ते कर, मग खोकं उघड.

तुझा,
ख.


२२ मार्च

प्रिय खटपट्या,

झालं एकदाचं. परवाची बैठक पार पडली.

तुझा पडदा वेळेवर आला. ड्रायव्हरनं दारात उभं राहून आधी सगळा पत्ता म्हणून दाखवला, मग खोकं दिलं. दोन्ही पडदे मी बैठकीच्या खोलीत शेजारी शेजारी मांडले. साहेब साध्याकडे बघून म्हणाले, हे काय, रंग कुठे गेले? मी वाद घातला नाही. आमच्या साहेबांची एक खोड आहे. दुसऱ्याच्या कामातली चूक सापडली की त्यांचा दिवस चांगला जातो. मी एका नकाशात एके ठिकाणी नळ उताराऐवजी किंचित चढता काढला आणि तोच नकाशा दोन्ही पडद्यांवर लावला. म्हटलं, साहेब, यात एक चूक राहिली आहे, आम्हाला कुणाला सापडत नाही, तुमची नजर टाका.

ते आधी अर्थातच रंगीत पडद्यासमोर बसले. नळाच्या रेघेवरून डावीकडून उजवीकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. डोळे चोळले. चष्मा पुसला. पाणी मागवलं. त्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो. मग ते शेजारच्या खुर्चीत सरकले, आणि पाणी पिऊन होतंय तोच त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथे. पाणी उलटं वर चढवलंय तुम्ही."

फूटपट्टी हात पाठीमागे बांधून म्हणाले, "साहेब, आम्ही गेला महिनाभर त्या पहिल्या खुर्चीत बसलो होतो."

साहेबांनी एकदा रंगीतकडे पाहिलं आणि एकदा आमच्याकडे. खिडकीबाहेर नाही पाहिलं. मग मला विचारलं, नऊ साधे घेतले तर सगळं बसतं का? मी म्हटलं, बसून वर उरतं. त्यांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली. जाता जाता म्हणाले, परडी मात्र छान होती.

माझं नाव मी त्याआधीच मागे घेतलं होतं, तुझ्या सांगण्यावरून. साहेबांना सांगितलं की मी कुठेही जात नाही. तोंडातून शब्द निघाला आणि मलाच आश्चर्य वाटलं. किती सोपं होतं रे ते.

घरी येऊन मी दार लावून घेतलं आणि थोडं रडले. मांजर बघत होती, तिला काय समजायचं ते समजू दे.

तुझी,
आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी उभ्या उभ्याच वाचलं. बायकोनं ते माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि डोळे पुसले. नंतर म्हणाली, मांजरीनं कुणाला सांगू नये म्हणजे झालं.

नऊ पडदे निघाले आहेत. प्रत्येकावर मी आधी आडवी रेघ काढून बघितली आहे. जोडायला मी स्वतः आलो असतो, पण मालकांनी मला रंगीतच्या दुरुस्तीला जुंपलं आहे आणि ते योग्यच आहे. तारा तुला जोडता येतातच.

मला एक सांग. माझ्या कामात खोट दिसली तर यापुढे लगेच लिहिशील? मांजर मध्ये न आणता?

तुझा,
ख.


१४ मे

प्रिय खटपट्या,

लिहीन. आणि तूही मला काय हवं ते मीच ठरवते असं धरून चाल. झालं हे आपलं पक्कं.

नऊही पडदे लागले. बोर्ड भिंतीला उभे करून ठेवले होते. ते न्यायला माणसं आली तेव्हा फूटपट्टी जरा वेळ खोलीबाहेर जाऊन आले, पण आले. पहिले काही दिवस आमचे फार वाईट गेले. उंदीर, म्हणजे तुमचा माऊस, एकीकडे आणि आमचा हात दुसरीकडे. नव्या आईनं एकदा अख्खा रस्ता पुसून टाकला आणि आतल्या खोलीतल्या डोक्यानं मुकाट्यानं ऐकलं. आता बसतंय. डोळ्यांतून पाणी येत नाही. दुपारी खोलीत नुसता कळफलकांचा आवाज असतो, आणि मी मान वर करून बघते तर प्रत्येक खुर्चीत माणूस असतो. दिवसातून कितीतरी वेळा बघते. कामाचा वेळ जातो, पण जाऊ दे.

सोबत एक गुंडाळी पाठवते आहे. तुझ्या पडद्यांवर तयार झालेला हा पहिला नकाशा. लांबच लांब नळ आहे, म्हणून आम्ही तो वाटून घेतला आणि प्रत्येकानं थोडा थोडा काढला. आमच्याकडे कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात एका घरात 'रेखाटले' आणि शेजारी 'तपासले'. काढणारा पहिल्या घरात आद्याक्षरं घालतो, आणि तपासणारा सगळं बघून झाल्याशिवाय दुसऱ्यात पेन टेकवत नाही. 'रेखाटले'च्या घरात या वेळी दाटीवाटीनं नऊ जणांची अक्षरं आहेत. नववी माझी आहेत.

'तपासले'चं घर मी मोकळं ठेवलं आहे. इतकी वर्षं तिथे माझी सही असते आणि ती जागा मी कुणाला दिलेली नाही. या वेळी ती तुझी आहे. सगळ्या आडव्या रेघा डावीकडून उजवीकडे नीट बघ, नळ कुठे चढत नाही ना ते बघ, मग सही कर आणि परत पाठव. साहेब वाट बघतायत.

चूक सापडली तर सही करू नकोस. कळव.

तुझी,
आत्या